गाँग शेवटी वाजतो : जावाच्या कलावंतांबरोबर काम करायचं असेल तर

तबलेवाले, गायिका, कथक करणाऱ्या मुली, अधूनमधून एखादा नाटकवाला, सगळे मला एकच प्रश्न विचारतात. "इंडोनेशियातल्या कलाकारांबरोबर काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगून झालं, म्हणून आता लिहूनच काढते आहे.

मी सांगलीची, तबला वाजवते. इंडोनेशिया सरकारच्या दार्मासिस्वा शिष्यवृत्तीवर दहा महिने सोलोला राहून केंदांग शिकले, आणि नंतर कामाच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा तिथे जात राहिले. गामेलान म्हणजे धातूचे पट्टे, गाँग (टांगलेल्या मोठ्या धातूच्या थाळ्या) आणि ढोल अशा वाद्यांचा एकत्र वाजणारा संच, आणि केंदांग म्हणजे त्यातला दोन्ही तोंडांचा, आडवा ढोल. सोलो म्हणजे सुराकार्ता, मध्य जावातलं जुनं राजधानीचं शहर. पुढे जे सांगते ते सोलोचं आहे. बालीची गामेलान वेगळी, तिचा वेग वेगळा, तिथली माणसं वेगळी. पश्चिमेकडच्या सुंदा भागाचं आणखी निराळं. त्यामुळे कोणाबरोबर काम करायचंय, कुठल्या गावच्या, कुठल्या कलेच्या माणसाबरोबर, हे आधी ठरवा. "काहीतरी इंडोनेशियन" असं म्हणून निघालात तर हाती काही लागणार नाही.

आणखी एक गोष्ट मनातून काढून टाका. तुम्ही त्यांना जगाच्या रंगमंचावर वगैरे आणणार नाही आहात. ती माणसं कधीपासूनच तिथे आहेत. रवींद्रनाथ टागोर १९२७ साली जावात गेले तेव्हा सोलोच्या मांगकुनेगारान राजवाड्यात सातव्या मांगकुनेगारांनी त्यांना नृत्य आणि गामेलान दाखवलं होतं. जोगजाचे, म्हणजे योग्यकर्ता शहराचे, गामेलानचे गुरू कि चोक्रोवासितो १९७१ पासून कॅलिफोर्नियात शिकवत होते. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर त्यांच्याच नेतृत्वाखाली वाजलेलं 'पुष्पवर्ण' आहे. त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. सोलोचे राहायू सुपांगाह यांनी २००४ साली एका अमेरिकन दिग्दर्शकाच्या मोठ्या नाट्यप्रयोगाला संगीत दिलं, आणि सोलोत घडलेले नर्तक एको सुप्रियांतो २००१ साली मॅडोनाच्या दौऱ्यात नाचले. खेड्यातला साधा बोनांगवादकही (बोनांग म्हणजे भांड्यांसारख्या छोट्या गाँगांची रांग) कदाचित जपान, हॉलंड फिरून आलेला असतो, फक्त तो तसं बोलून दाखवत नाही. तेव्हा पहिल्या भेटीत आपल्या कल्पनेचं कौतुक कमी करा आणि त्यांनी आधी कोणाबरोबर काय केलं, त्यात काय जमलं आणि काय फसलं, हे विचारा. मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते या एका प्रश्नातून.

पहिली भेट

ईमेल करू नका. केलात तरी त्यावर विसंबू नका. ओळखीचं कोणीतरी मधे घ्या आणि घरी भेटायला जा. वडीलधाऱ्याच्या घरी असं मुद्दाम जाण्याला तिथे 'सोवान' म्हणतात. जाताना काहीतरी खाऊ न्या. चपला बाहेर काढा. बसलेल्या माणसांसमोरून जाताना जरा वाकून "नुवुन सेवू" म्हणायचं. वस्तू उजव्या हातानेच द्यायची-घ्यायची. तर्जनी कोणाकडे रोखायची नाही, दाखवायचं असेल तर उजव्या अंगठ्याने. चहा येतो. सोलोचा चहा म्हणजे 'नासगितेल', गरम, गोड आणि दाट. यजमान "मोंग्गो" म्हणेपर्यंत कपाला हात लावू नका, आणि म्हटल्यावर मात्र नक्की प्या.

वयाने मोठ्या पुरुषाला 'पाक', बाईला 'बू', आणि आपल्या बरोबरीच्यांना 'मास' किंवा 'म्बाक', म्हणजे आपल्याकडे दादा, ताई म्हणतो तसं. नुसतं नाव कधीच घेऊ नका. जावानीज भाषेचे मानाचे थर फार आहेत, परक्याला ते पटकन जमत नाहीत आणि तशी कोणाची अपेक्षाही नसते. साधी इंडोनेशियन भाषा तीन-चार महिन्यांत कामापुरती येते. ती शिकाच. दुभाषा ठेवून तालीम होत नाही.

वाद्यांच्या बाबतीत आपल्याला वेगळं सांगायला नको. तबल्याला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, तिथेही वाद्य ओलांडून जात नाहीत. जुन्या संचांना नावं असतात, मांगकुनेगारानच्या एका संचाचं नाव 'क्याइ कान्युत मेसेम'. मोठ्या गाँगला फुलं, उदबत्ती ठेवलेली दिसेल. तिथे उगाच फोटो काढत बसू नका.

तारखा ठरवताना रमजान आणि त्यानंतरची ईद टाळा. त्या महिन्यात कार्यक्रम जवळजवळ थांबतात आणि ईदला सगळे आपापल्या गावी जातात. जावानीज पंचांगातल्या 'बेसार' महिन्यात लग्नं खूप असतात. तो कलाकारांच्या कमाईचा काळ असतो, तेव्हा त्यांना तालमीसाठी अडकवू नका.

सम आणि गाँग

आता मुख्य गोष्ट. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण एकत्र काम करणारे बहुतेक जण इथेच आपटतात आणि आपण का आपटलो हे त्यांना कळतही नाही.

आपलं आवर्तन समेपासून सुरू होतं. एक म्हणजे सम, धा. तिथल्या आवर्तनात सगळ्यात वजनदार ठोका शेवटचा असतो. सोळा मोजायचे आणि सोळाव्यावर गाँग. आपण समेवरून निघतो, ते गाँगपाशी पोहोचतात.

माझ्या पहिल्या एकत्र तालमीत आम्ही 'केतावांग' घेतला होता. केतावांग हा सोळा ठोक्यांचा बांध, दर सोळाला गाँग. मला वाटलं, वा, तीनताल! मी त्यांच्या एकाबरोबर माझी सम धरली आणि वाजवत सुटले. ठेका चुकत नव्हता, लय पक्की होती, तरी काहीतरी बोचत होतं. दर वेळी माझ्या सोळाव्या मात्रेवर, म्हणजे माझा हात समेकडे झेपावत असताना, मागून गाँग व्हायचा. वादक शांतपणे वाजवत राहिले. कोणीच काही म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी केंदांगवाल्या पाकनी मला बाजूला बसवलं, तबल्यावर माझा हात धरून ठेवला आणि गाँग वाजेपर्यंत सोडलाच नाही. गाँग झाला तसा हात सोडला. "सिनी," म्हणाले. इथे.

तर रीत अशी. गाँगला सम माना. त्यांचा सोळा म्हणजे तुमचा एक. मग त्यांचा एक ही तुमची दुसरी मात्रा, त्यांचा आठ ही तुमची नववी, त्यांचा बारा ही तुमची तेरावी. एका कागदावर दोन ओळींत हे आकडे लिहून समोर ठेवा, कारण तालमीत "चारपासून परत" असं कोणी म्हणालं की प्रत्येक जण आपापल्या चारवरून निघतो आणि सगळं एका मात्रेने सरकतं.

हा कागद लिहिला आणि मला जे दिसलं त्याने मी हरखून गेले. केतावांगमध्ये केनोंग हे वाद्य आठव्या आणि सोळाव्या ठोक्यावर वाजतं. म्हणजे आपल्या हिशेबाने नववी मात्रा आणि सम. नववी म्हणजे खाली, जिथे आपण टाळी न देता हात मोकळा सोडतो! केंपुल, म्हणजे छोटा टांगलेला गाँग, बाराव्यावर वाजतो, ती आपली तेरावी, तिथे आपली टाळी. आणि पाचव्या मात्रेवर, जिथे आपली दुसरी टाळी पडते, तिथे ते केंपुल मुद्दाम वाजवत नाहीत. त्या मोकळ्या जागेला 'वेला' म्हणतात. खालीची कल्पना त्यांच्याकडे आपल्यासारखी नाही, पण मोकळी सोडलेली जागा ऐकू यावी लागते हे त्यांनाही ठाऊक आहे. तबलेवाल्याने काय करावं? पाचव्या मात्रेवर भरगच्च वाजवू नये. त्यांनी सोडलेली जागा तुम्ही भरलीत तर सोडण्यात अर्थ काय राहिला!

'लाद्रांग' हा बत्तीस ठोक्यांचा, म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं आणि गाँग एकाआड एक समेला. केनोंग इथेही खाली आणि समेवरच येतो. केतावांग जमला की लाद्रांग जमतो.

घरी बसून सराव करायचा तर तेच 'पुष्पवर्ण' लावा, तेही केतावांगच आहे. सुरुवातीचे थोडे सूर झाले की पहिला गाँग येतो. तोच तुमचा पहिला धा. हाताने टाळी-खाली देत ऐका. आठवडाभर रोज. तबल्याला हात लावायचा नाही.

लय सांभाळणारा एकच

लय केंदांगवाल्याच्या हातात असते, फक्त त्याच्याच. तबला घेऊन तुम्ही त्याच्या शेजारी बसलात की दोन नवरदेव एका घोड्यावर बसल्यासारखं होतं. त्याला आधी विचारा, कुठे थांबू आणि कुठे वाजवू. मी शक्यतो केंदांगच्या उजवीकडे बसते, त्याचे हात दिसतील अशी.

तिथली लय मंदावते तेव्हा नुसती मंदावत नाही. मूळ ठोके दूर जातात आणि मधली जागा पेकिंग, गेंदेर, गांबांग ही वाद्यं दुप्पट-चौपट भरून काढतात. एका ठोक्याला पेकिंगचे दोन आघात असतात तिथे चार होतात, मग आठ. या टप्प्यांना 'इरामा' म्हणतात. विलंबित एकतालात जो वाढला आहे त्याला हे समजायला वेळ लागत नाही. अडचण येते ती बदलाच्या क्षणी. तेव्हा वाजवणं थांबवा, केंदांग नव्या इरामात स्थिरावू द्या, आणि पुढच्या गाँगनंतर आत या.

आणि तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा. तिहाईशिवाय आपला जीव राहत नाही, मला माहीत आहे. पण शेवटच्या गाँगकडे जाताना अख्खी गामेलान सावकाश होते, आणि तो गाँगही अपेक्षेपेक्षा जरा उशिरा, रेंगाळून येतो. तिथे तुमची तिहाई समेवर नेमकी येऊन आदळली तर ती तुमची एकट्याचीच राहते. तिहाई मधे घ्या, लय बांधलेली असताना. शेवटी हात मांडीवर ठेवा आणि गाँग विरेपर्यंत ऐका. मोठ्या गाँगच्या नादात लाटा असतात, त्याही विरू द्या.

सूर, हार्मोनियम आणि माझी गायिका मैत्रीण

गामेलान जुळवता येत नाही. काशाचे ते पट्टे जुळवायचे तर कानस घेऊन घासावे लागतात. शिवाय प्रत्येक संच आपापल्या सुरात असतो, एका गावच्या संचाची पट्टी दुसऱ्या गावच्या वाद्याला चालत नाही. म्हणून जुळवून घ्यायचं ते आपण.

स्वरांच्या दोन व्यवस्था आहेत. 'स्लेंद्रो'त सप्तकात पाच सूर, जवळजवळ सारख्या अंतरावर. 'पेलोग'मध्ये सात, लहानमोठ्या अंतरांचे. सूर आकड्यांनी लिहितात. स्लेंद्रोत १ २ ३ ५ ६, त्यात ४ नसतोच. कोल्हापूरची माझी गायिका मैत्रीण पहिल्यांदा आली तेव्हा स्लेंद्रो ऐकून तिला आधी भूप वाटला, मग दुर्गा. हार्मोनियम उघडली आणि चेहरा उतरला. सप्तकाचे १२०० सेंट (सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं माप) पाच सुरांत वाटले तर प्रत्येकी २४० च्या आसपास येतात. म्हणजे १ ला षड्ज धरला तर दुसरा सूर आपल्या रिषभाहून चढा, तिसरा गंधार आणि मध्यमाच्या मधे पण मध्यमाकडे झुकलेला, आणि ६ हा धैवत आणि कोमल निषादाच्या अधेमधे कुठेतरी. हार्मोनियममध्ये हे सूर नाहीतच.

काय करायचं ते सांगते. हार्मोनियम आणि तानपुऱ्याचं यंत्र घरी ठेवा. ज्या संचाबरोबर काम आहे त्याच्याजवळ जा, परवानगी घ्या, आणि 'स्लेंतेम'चे पट्टे एकेक वाजवून रेकॉर्ड करा. स्लेंतेम निवडायचं कारण त्याचा आवाज खोल आणि लांब टिकणारा असतो. फोनमधल्या ट्यूनरवर प्रत्येक सुराचे हर्ट्झ लिहून घ्या. मग तेच रेकॉर्डिंग कानात घेऊन रोज गा. गळा, सारंगी, व्हायोलिन, बासरी यांना पंधरा दिवसांत वाट सापडते. तबल्याचा दायाँ मी ६ वर मिळवते, कारण बऱ्याच संचांत स्लेंद्रो आणि पेलोग दोन्हींत ६ हा सूर एकच असतो, मधे व्यवस्था बदलली तरी पुन्हा हातोडी घ्यावी लागत नाही. ५ वर जुळणारे संचही असतात, म्हणून आधी विचारा.

मैत्रिणीला खरं दार उघडलं ते 'बारांग मिरिंग'ने. स्लेंद्रोचे पट्टे खाली वाजत असताना गायिका आणि रबाब (तिथलं गजाने वाजवायचं तंतुवाद्य) मुद्दाम पट्ट्यांच्या मधले सूर लावतात, विरहाच्या, दुःखाच्या जागी. तिथल्या सिंदेननी, म्हणजे गायिकेने, तिला एक ओळ चार वेळा गाऊन दाखवली. पाचव्यांदा दोघी एकत्र गायल्या. आमच्या सगळ्या प्रयोगातले ती दोन मिनिटं मला आजही सगळ्यात खरी वाटतात. सिंदेन मात्र ठोक्याच्या थोडी मागे राहून सुरावर उतरते, त्या रेंगाळण्यावर तुमच्या ताना ओतू नका.

सांगाडा द्या

गामेलानच्या मूळ चालीला 'बालुंगान' म्हणतात. बालुंग म्हणजे हाड. सांगाडा तेवढा लिहिलेला असतो आणि त्यावर प्रत्येक वाद्य आपलं मांस चढवतं. त्या कामाला 'गाराप' म्हणतात, आणि सुपांगाह यांनी आयुष्यभर हेच समजावून सांगितलं. नवीन रचना घेऊन जाणार असाल तर प्रत्येक वाद्याचं सगळं लिहून नेऊ नका. बालुंगान आकड्यांत लिहा, गाँग आणि केनोंगच्या खुणा करा, आपल्या बंदिशीचा भाव सांगा आणि गप्प बसा. एकदा मी गेंदेरचे सुद्धा सूर लिहून दिले होते. त्या बाईंनी ते तंतोतंत वाजवले. इतकं निर्जीव मी त्यांच्या हातून कधीच ऐकलं नव्हतं. कागद परत मागून घेतला, तेव्हा कुठे त्या हसल्या.

होकार ओळखणं

"इंग्गिह" म्हणजे हो. पण बरेचदा त्याचा अर्थ "ऐकलं" एवढाच असतो. तोंडावर नाही म्हणणं तिथे असभ्य. म्हणून "हे चालेल का?" असं विचारूच नका. "हे आधी घ्यावं की ते?" असं विचारा, म्हणजे त्यांना नाही न म्हणता निवडता येतं. तालीम संपल्यावर लगेच निघू नका. चहा, तळलेलं तेंपे, सिगारेटी, गप्पा. अडचणी तिथे बाहेर येतात, तुमच्याशी नाही तर तुमच्या शेजारच्याशी बोलल्यासारख्या. तिकडे कान ठेवा. (शाकाहारी असाल तर सांबालमध्ये तेरासी, म्हणजे कोळंबीचा खारवलेला लगदा असतो, ते आधीच विचारून घ्या.)

"मूळ महाभारतात असं नाही"

हे वाक्य कधीही बोलू नका. मी बोलले आहे. वायांग कुलित म्हणजे म्हशीच्या कातड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, आणि तो करणारा दालांग. एका दालांगबरोबर आम्ही द्रौपदीवर काम करत होतो. जावाच्या वायांगमध्ये द्रौपदीचा नवरा एकच, युधिष्ठिर. शिखंडी तिथे श्रीकांदी आहे, धनुर्धर स्त्री, अर्जुनाची बायको. मी म्हणाले, आमच्याकडे पाच. मूळ असं आहे. ते "इंग्गिह" म्हणाले आणि त्या दिवशी पुढे फारसं बोलले नाहीत. तीन दिवस लागले मला समजायला की मी त्यांच्या शेकडो वर्षांच्या परंपरेला नक्कल म्हटलं होतं. माफी मागितली. मग त्यांनीच सुचवलं, दोन्ही द्रौपदी पडद्यावर एकमेकींना भेटू देत. सगळ्यात चांगला प्रवेश तोच झाला. सेमार, गारेंग, पेत्रुक, बागोंग या चौघा सेवकांना तर आपल्याकडे जोडच नाही. सेमार बेढब, म्हातारा, गरीब, आणि तरी प्रत्यक्ष देव. कथा निवडताना त्याला जागा ठेवा.

पिंगुळीच्या आपल्या चामड्याच्या बाहुल्यांचं चित्रण मी त्याच दालांगना दाखवलं होतं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा लावून फक्त बाहुलीचे सांधे पाहिले.

वायांगचा खेळ रात्री नऊच्या सुमारास सुरू होऊन पहाटे संपतो. तुमच्याकडे दीड तास असेल तर "कापून करा" म्हणू नका. सोलोच्या कला-अकादमीत १९७० च्या दशकात आटोपशीर खेळाचा वेगळा घाटच तयार झाला, 'पाकेलिरान पादात'. तो येणारा दालांग शोधा. पण तुम्ही स्वतः निदान एक रात्रभराचा खेळ बसून पाहिल्याशिवाय काम सुरू करू नका.

आयोजकांशी

वादक जमिनीवर बसतात, खुर्च्या नकोत. जोरात वाजणाऱ्या धातूच्या वाद्यांना माइक लागत नाहीत, हळू आवाजाच्या रबाब, गेंदेर, सितेर यांना आणि सिंदेनला लागतात. तबल्याचा माइक कमी ठेवायला सांगा, आपला ध्वनितंत्रज्ञ सवयीने तो वर चढवतो. मोठा गाँग ऐंशी-नव्वद सेंटिमीटर व्यासाचा असतो, विमानाने न्यायच्या भानगडीत पडण्यापूर्वी खर्च काढा. तबला-गायन तिकडे नेणं जास्त शहाणपणाचं.

मानधन लेखी ठरवा, आणि दालांगच्या हातात एकगठ्ठा देऊन मोकळे होऊ नका. पंधरा-वीस वादक असतात, प्रत्येकाचं किती ते आधी ठरलेलं असू द्या. नावंही सगळ्यांची. आपल्याकडच्या एका महोत्सवात आमच्या पत्रिकेवर माझं नाव ठळक आणि खाली "इंडोनेशियाचे लोककलाकार" एवढंच छापलं होतं. राजदरबारात घडलेल्या शास्त्रीय कलेला लोककला, आणि अठरा माणसांना नावच नाही. प्रयोगाच्या सकाळी मी स्वतः नवीन पत्रकं छापून आणली. तेव्हापासून करारातच लिहिते, नावांची यादी जोडते, आणि छापण्याआधी प्रत्येकाकडून स्वतःच्या नावाचं लेखन तपासून घेते. जावात पुष्कळांना एकच नाव असतं, आडनाव नसतं. आयोजकांच्या फॉर्ममधला रकाना भरण्यासाठी त्यांना नवीन आडनाव चिकटवू नका.

प्रयोग संपला की हारतुरे, फोटो, भेटणारी माणसं, सगळं होतं. वादक तोवर वाद्यं आवरायला लागलेले असतात. बोनांगची भांडी निघतात, मग केनोंग, मग केंपुल. गाँग सगळ्यांत शेवटी. तो चौकटीवरून उतरवायला दोन माणसं लागतात, एक इकडून, एक तिकडून, आणि खाली गादी. फोटो थांबवून तिथे जा, "नुवुन सेवू" म्हणा, आणि एक बाजू धरा.